सड्यावरचा भराव

आरे-वारेच्या वळणावर माझा नवरा गाडी थांबवतो ती समुद्र बघायला. मी समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे बघते. रस्त्यासाठी कापलेली लाल दरड किती उंच, किती लांब, तिला उतार किती दिलाय आणि त्यातून माती किती निघाली असेल, हे माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतं. तो म्हणतो, "अगं, जरा इकडे बघ की." मी म्हणते, "समुद्राचं एस्टिमेट मला कुणी मागितलेलं नाही."

धंदाच तो. रत्नागिरीत औषधाच्या दुकानाच्या वर माझं एका खोलीचं ऑफिस आहे. तिथं बसून मी घरं, संरक्षक भिंती, साकव, वाड्यांचे रस्ते यांची अंदाजपत्रकं करते. चिरा मोजणं सोपं, लोखंड त्याहून सोपं. माती मात्र लबाड. जमिनीत असते तेव्हा तिचं एक माप. खणून डंपरमध्ये टाकली की ती फुगते, ते दुसरं. नेऊन टाकली, दाबली, तिच्यावरून पाऊस गेला की ती बसते, ते तिसरं. नवशिके इथंच आपटतात. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार करतात आणि तेवढीच माती मागवतात. अर्ध्या कामात माती संपते आणि मग फोन मला येतो. अशा कितीतरी जणांना मी फोनवर झाडलं आहे. माझा स्वभाव गोड आहे असं मला कुणी कधी म्हटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाला, एक म्हातारे गृहस्थ जिना चढून वर आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. दारातच खांबाला धरून उभे राहिले. श्वास जागेवर यायला त्यांना वेळ लागला. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "मॅडम, मना एस्टिमेट पायजे."

"कसलं?"

"मातीचं. कबरस्तानात माती भरायची हाय."

त्यांचं गाव मालगुंडच्या अलीकडे, खाडीला लागून. उभी जिंदगी त्यांनी जहाजावर काढलेली. खलाशांचा जो मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात, ते सारंग होते. मुलं आखातात. घरी ते आणि एक पुतण्या. हृदयाच्या दुखण्यासाठी रत्नागिरीला डॉक्टरकडे यावं लागे, आणि त्या डॉक्टरांकडच्या चिठ्ठीवरची औषधं माझ्या ऑफिसखालच्या दुकानात मिळत. माझी पाटी त्यांनी तशी वाचलेली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गावचं जुनं कबरस्तान खाडीच्या काठाला. पूर्वी चाललं. आता पावसात तिथं गुडघाभर खणलं की पाणी लागतं. त्यांची बीवी आदल्या वर्षी भर पावसात गेली. पोरं दोन ठिकाणी खणून बघून आली, दोन्हीकडे पाणी. मग जमातीच्या चार माणसांनी शेजारच्या गावाला जाऊन विचारलं आणि तिथल्या कबरस्तानात तिला जागा मिळाली.

"दिली त्यांनी," म्हातारे म्हणाले. "मनापासून दिली, खोटं कशाला बोलू. पण मागायला लागली. मयत घरात, आणि माणसं जागा मागत फिरतायत. मॅडम, मना तसं मागून पडायचं नाय. आपल्या गावात पडायचं हाय."

हे त्यांनी एवढ्या सरळ सांगितलं, की मी मान खाली घालून टेबलावरचे कागद नीट करू लागले.

मागणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. आमची बौद्धवाडी मंडणगड तालुक्यात, गावाच्या अगदी टोकाला. आजोबा सांगायचे, एके काळी आमची मयत न्यायची तर वाटसुद्धा दुसऱ्याच्या शेताच्या कडेने होती आणि दर वेळी विचारून जावं लागे. बहुतेक वेळा शेतवाले हो म्हणायचे. पण आजोबांना ते हो आठवत नसे, विचारायला जाणं आठवत असे.

जमातीला आता वर सड्यावर नवी जागा मिळाली होती. जागा चांगली, उंचावर, पाण्याचं भय नाही. अडचण एकच, तिथं माती नव्हती. नुसता कातळ. जांभ्याच्या त्या सपाट पाठीवर गवतसुद्धा पावसापुरतं उगवतं. त्यात कबर खणायची तर आधी चारी बाजूंनी चिऱ्याची भिंत घालून आत पुरुषभर माती भरायला हवी. किती माती, हे जमातीला हवं होतं.

"पावसाआधी भरून व्हायला पायजे," ते म्हणाले. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मी विचारलं नाही. त्यांनीच छातीवर बोट टेकवून दाखवलं आणि म्हणाले, "ह्याची गॅरंटी नाय."

पुढच्याच आठवड्यात मी लेव्हलचं यंत्र घेऊन सड्यावर गेले. कातळ लांबून सपाट दिसतो, तसा तो नसतो. कुठं वीतभर उंच, कुठं हातभर खोल. म्हणून जागेवर चौकटी आखायच्या, प्रत्येक कोपऱ्यावर आकडे लिहिलेली उंच पट्टी उभी धरायची, यंत्रातून तिचा आकडा वाचायचा आणि मग प्रत्येक चौकटीत किती खोल भराव लागेल ते काढायचं. पट्टी धरायला पुतण्या यायचा होता, पण त्याची रिक्षा बंद पडली. म्हातारे म्हणाले, "आण इकडं."

"चाचा, तुम्ही नका. वारा आहे."

"वारा?" ते हसले. "बाय, मी डोलणाऱ्या डेकवर उभा रायलोय. हा सडा काय डोलतो?"

मॅडमची बाय तिथं झाले, ती कायमची. आणि खरं सांगते, एवढ्या वर्षांत माझ्यासाठी इतकी सरळ पट्टी कुणी धरली नव्हती. पोरं मोबाइलवर बोलत धरतात, पट्टी नमस्कार करत असते, आणि मी इकडून ओरडत असते. हे मात्र एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर सावकाश जात, पाय रोवून उभे राहत आणि मी हात हलवीपर्यंत पापणीसुद्धा हलवत नसत. मधूनमधून दम खायला थांबत. मी तेवढा वेळ यंत्र उगाचच पुसत बसे.

आकडेमोड झाली. अंदाजपत्रक तयार करून मी त्यांना बोलावलं आणि वाचून दाखवलं. भिंत झाली, पाणी जायची भोकं झाली. मग भरावाचं कलम आलं. 'माती थरावर थर पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून पूर्णपणे दाबणे.'

"थांब," ते म्हणाले. "रोलर कशाला?"

"माती दाबायला. नाहीतर ती पावसात खचते. भरावाला रोलर लागतोच चाचा, सगळीकडे तसंच असतं."

"सगळीकडं म्हणजे?"

"रस्त्यांना, जोत्यांना."

"हां. रस्त्यावरनं ट्रक जातो. हितं काय जाणार?" आणि माझ्याकडे बघत ते अगदी शांतपणे म्हणाले, "आमची पोरं कुदळीनं खणतात, बाय. रोलर फिरवलास तर माझ्या वेळेला ब्रेकर आणायला लागंल. शेजारच्या गावात मागायला जातील."

मला राग आला. आधी त्यांचा, मग माझा. वर्षानुवर्षं रस्त्यांची कलमं लिहून हात इतका बसला होता की कबरस्तान असलं तरी कलम तेच उतरलं. भराव म्हणजे दाबायचा, एवढंच डोक्यात. हा भराव पुन्हा खणण्यासाठीच घालायचा आहे हे मी सड्यावर उभी राहून, सगळी मापं घेऊनही ध्यानात धरलं नव्हतं. मग मला हसू आलं, आणि ते इतकं आवरेना की खालच्या दुकानातला मुलगा वर बघायला आला.

रोलर काढला की हिशोब मात्र बिघडतो. दाबलेली माती किती बसते ते पुस्तकात असतं. नुसती टाकलेली, पाण्याने आणि पावसाने आपली आपण बसणारी लाल माती किती बसेल, ते कुठल्या पुस्तकात? कमी धरली तर पहिल्या पावसानंतर भराव खाली जाणार आणि कबरीला खोली पुरणार नाही. जास्त धरली तर माती भिंतीवरून बाहेर येणार. आणि सैल राहिली तर खणताना कडा आत कोसळणार, तो प्रकार तर विचारूच नका.

म्हणून मी त्यांना एक काम लावलं. त्यांच्या अंगणात धुण्याचा सिमेंटचा हौद होता. तो काठोकाठ मातीने भरायचा, रोज पाणी मारायचं आणि माती किती खाली गेली त्याची आतून खडूने रेघ ओढायची. हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की विचारू नका. रोज सकाळी मला हौदाचा फोटो येई. कधी रेघ दिसे, कधी नुसता त्यांचा अंगठा. पुतण्या वैतागून म्हणाला, "मॅडम, घरातले कपडे आता विहिरीवर धुतोय आम्ही." उन्हाळ्यात पाणी कमी, पण चाचांनी मातीचा वाटा चुकवला नाही. पुढं पुढं रेघांमधलं अंतर कमी होत गेलं आणि एका जागी रेघा एकावर एक येऊ लागल्या. तिथं मला माझं माप मिळालं. भराव भिंतीच्या खुणेपेक्षा वर घ्यायचा, मधोमध कासवाच्या पाठीसारखा फुगीर ठेवायचा, म्हणजे पावसाने तो बरोबर खुणेवर उतरेल.

आमचं एकच भांडण झालं, माती कुठून आणायची यावरून. सड्याच्या पायथ्याला एका माणसाची चांगली माती होती. तो द्यायला तयार होता, डंपर दोन मिनिटांत वर. पण चाचा म्हणाले, माती माझ्या घरामागच्या उतारावरची घ्यायची. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. अंतर वाढलं की वाहतूक वाढते आणि वाहतूक वाढली की अंदाजपत्रक फुगतं. हे मी त्यांना एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं.

"ती माती चांगली हाय," ते म्हणाले.

"ही पण चांगलीच आहे."

"हौदात ती भरलेली. तुझा हिसाब तिच्यावर झाला ना? मग?"

त्यांनी मला माझ्याच मापात अडकवलं होतं. वाहतूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी तोंड वाकडं करून कलम बदललं. तहसीलची परवानगी आली आणि एप्रिलच्या अखेरीस खोदाई सुरू झाली.

खोदाई मोजायची आमची एक जुनी रीत आहे. सगळी माती खणत नाहीत. मध्ये मूळ जमिनीचा एक खांब तसाच उभा ठेवतात, माथ्यावरच्या गवतासकट. पूर्वी जमीन कुठवर होती ते तो दाखवतो. त्याच्या माथ्यापासून तळापर्यंत पट्टी लावली की खोली कळते. आम्ही त्याला साक्षीदार म्हणतो. माप झालं की तो पाडून टाकतात.

मी मापं घ्यायला गेले तेव्हा तो उतार ओळखू येत नव्हता. जेसीबीने घराच्या मागपर्यंत लाल खड्डा केला होता, आणि मधोमध साक्षीदार उभा. त्याच्या माथ्यावर गवताबरोबर एक वाकडा लाकडी खांब रोवलेला होता, त्याला सुकलेल्या वेलाचे दोन वेढे.

"हा खांब कसला?" मी विचारलं.

चाचा खुर्ची टाकून सावलीत बसले होते. म्हणाले, "पडवळाच्या मांडवाचा. पोरांची आई लावायची. सगळा हा उतार तिचाच. मी जहाजावर, पोरं शाळेत. ही हितं खणत बसलेली. दगड वेचून वेचून तिनं ही माती केली, बाय. उगाच नाय कुदळ आत जात."

मी पट्टी साक्षीदाराला लावलेली, तशीच धरून उभी राहिले.

"ती तर तिकडं गेली," ते म्हणाले. "आता तिला काय हलवायची? तिची माती तरी आपल्या गावात माझ्या अंगावर येईल."

मी या माणसाशी डंपरच्या फेऱ्यांवरून हुज्जत घातली होती. मला तिथं रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. पुतण्याने माझ्या हातातून पट्टी घेतली. चाचा म्हणाले, "माप चुकंल हो," आणि स्वतःच डोळे पुसायला लागले.

मेच्या शेवटी भराव पुरा झाला. मग पाऊस.

ऑगस्टमध्ये पुतण्याचा फोन आला. चाचांना रत्नागिरीला आणलं होतं, दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले. नाकात नळी, हाताला सलाईन. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बसली काय माती?"

मी आदल्याच दिवशी सड्यावर जाऊन आले होते. माती अजून बसायची होती. भिंतीच्या कडेने पाणी साचलं होतं आणि पहार नुसत्या हाताने ढकलली तरी भसकन आत जात होती. त्यात खणलं असतं तर कडा टिकली नसती. पुतण्या माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेचा अर्थ सरळ होता, हो म्हणा. आजारी माणसाला हो म्हणायला काय जातं?

पण आमच्या दोघांच्यात एवढंच तर होतं, की मापात खोटं नाही. मी म्हटलं, "नाही चाचा. अजून नाही. पाऊस संपल्यावर बसेल."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं चूक केली. मग ते म्हणाले, "मग थांबतो."

आणि थांबले. डॉक्टरांनाही त्याचं कारण सांगता आलं नाही. गणपती झाले, पाऊस ओसरला, ते घरी गेले. भात कापून झालं तशी मी यंत्र घेऊन सड्यावर गेले. या वेळी पट्टी पुतण्याने धरली आणि म्हातारे भिंतीबाहेर रिक्षात बसून त्याला "सरळ धर, सरळ" म्हणून ओरडत होते. भराव भिंतीवरच्या खुणेला आला होता. एका कोपऱ्यात बोटभर वर, बाकी बरोबर. पहार घातली तर ती जोर लावल्यावर जात होती आणि काढली की भोक तसंच राहत होतं.

मी रिक्षापाशी जाऊन सांगितलं, "बसली."

"बघ हां," ते म्हणाले. "परत विचारायला येणार नाय मी."

"बसली चाचा. लिहून देऊ?"

"नको," ते म्हणाले. "आता मना घाई पण नाय."

ते थंडीत गेले, झोपेत. सकाळी पुतण्याचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मॅडम, पहिलीच हाय. तुमी याल काय?"

दफनाच्या वेळी बायका कबरस्तानात आत जात नाहीत. मी भिंतीबाहेर, ते रिक्षात बसले होते त्या जागी उभी राहिले. आत पोरं खणत होती. मला दिसत काही नव्हतं, फक्त कुदळीचा आवाज येत होता. एवढ्या कामांवर उभी राहिलेय, पण आवाज ऐकून माती कशी आहे ते ओळखायचा प्रयत्न मी त्या दिवशी पहिल्यांदाच केला. कडा कोसळली तर भसदिशी आवाज येतो, त्याची मी वाट बघत होते, हाताची नखं तळव्यात रुतवून. तो आला नाही. एका लयीत कुदळ चालू राहिली आणि मग थांबली. मग खांद्यावरून त्यांना आणलं, आत नेलं. कुणाला कुठं विचारायला जावं लागलं नाही.

सगळं झाल्यावर पुतण्या बाहेर आला. कोपरापर्यंत लाल झाला होता. म्हणाला, "कडा सुटली नाय मॅडम. भिंतीसारखी सरळ."

मी म्हटलं, "खोली?"

"पुरली. माती पण पुरली. वर जरा उरलीच. ती घरामागं नेऊन टाकू काय, त्या खांबापाशी?"

साक्षीदार त्यांनी अजून पाडला नव्हता. मी हो म्हटलं.

माती उरणारच होती. खणलेल्या जागी काही ठेवून पुन्हा माती भरली की आत ठेवलेल्या गोष्टीएवढी माती बाहेर राहते. पाइपलाइन असो, टाकी असो, आम्ही ती दर वेळी मोजतो, तिचं वेगळं कलम असतं. पुतण्या ती घमेल्यांनी रिक्षात भरत होता आणि मी बाजूला उभी होते. सोपं गणित आहे ते. मी केलं नाही.